उलटा बसलेला प्लग

सासूबाईंचं टायपिंग बंद पडलं ते एका कोऱ्या कागदामुळे.

कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढलेली बाई. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्या तेव्हा सामान म्हणजे कपड्यांची एक पेटी आणि टाइपरायटर. लवकरच सगळ्या इमारतीला कळलं की चौथ्या मजल्यावर अर्ज फुकटात आणि बिनचूक टाइप करून मिळतात. पुढे डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथलंच पुसलं जायचं. तरी त्यांनी काम सोडलं नाही. अक्षरं कुठे आहेत हे बोटांना पाठ होतं, बोटांना डोळे लागत नव्हते.

मग एकदा रिबन निसटली आणि त्यांना कळलंच नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याचा पानभर अर्ज त्यांनी टाइप केला आणि ऐटीत त्याच्या हातात दिला. शिंपी भला माणूस. "छान झालाय," म्हणाला आणि घडी घालून घेऊन गेला. आठवड्याने कुणाच्या तरी तोंडून खरं बाहेर पडलं. पानावर एकही अक्षर उमटलं नव्हतं, नुसते खड्डे होते. सासूबाईंनी टाइपरायटरवर जुनी चादर टाकली आणि त्या दिवसापासून खिडकीशी बसू लागल्या.

जावयाला ते बघवेना. तसं दोघांचं कधी फारसं जमलं नव्हतं. लेकीने लिफ्टच्या मेकॅनिकशी लग्न केलं हे त्यांनी मान्य केलं होतं, आवडून घेतलं नव्हतं. त्यातून लिफ्टवाला राहतो कुठे, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. "सगळ्या गावाला वर नेतात आणि सासूला जिने चढायला लावतात," हे त्या महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. पण आता ऐकवणंही थांबलं होतं, आणि त्या शांततेपेक्षा टोमणे परवडले असते असं त्याला वाटायला लागलं होतं.

म्हणून एका बंद पडलेल्या कचेरीत लिफ्ट उतरवायचं काम निघालं, आणि तिथला कॉम्प्युटर भंगारात निघालेला दिसला, तेव्हा तो त्याने मागूनच घेतला. स्क्रीन फुटलेला होता. पण कीबोर्डाचं धूड, ज्याच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर होता, ते शाबूत होतं, प्लॅस्टिकचं वरचं अंग आणि पत्र्याचा तळ. बायको शाळेच्या कचेरीत कामाला होती, तिथे मराठी कळांचं हेच यंत्र होतं. घरी टाइप करायचं, कॅसेटवर साठवायचं आणि शाळेतून छापून आणायचं, असा बेत ठरला. प्रश्न एकच होता, पडद्याचा. घरचा टीव्ही जुना. त्याला मागे अँटेनाचं भोक तेवढं होतं, दुसरं काही नाही.

तो रेडिओवाल्या काकांकडे गेला. काका पन्नास वर्षं रेडिओ आणि टीव्ही उघडत आलेले. त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला, टीव्हीच्या पोटात कुठे तार जोडायची ते खूण करून दाखवलं आणि मग चष्मा कपाळावर चढवला.

"एक लक्षात ठेव. या जुन्या टीव्हीचा आतला सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. तुझी केबल त्या सांगाड्याला लागणार, म्हणजे कॉम्प्युटरचा पत्राही लागणार. मध्ये ट्रान्सफॉर्मर टाकल्याशिवाय चालू करायचं नाही."

"मग द्या ना ट्रान्सफॉर्मर."

"एवढा मोठा माझ्याकडे नाही. गुंडाळून घ्यावा लागेल. तीन आठवडे लागतील."

तीन आठवडे! त्याने ट्रान्सफॉर्मर सांगून ठेवला, पण घरी सासूबाई कॉम्प्युटरवर हात फिरवून बसल्या होत्या. "याच्या कळा हलक्या आहेत हो," असं दोनदा म्हणाल्या होत्या. सहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या होत्या.

त्याने केबल रविवारी बनवली. लिफ्टच्या पॅनेलमधली उरलेली जाळीची तार, जुन्या टेपरेकॉर्डरचा जॅक आणि सोल्डरचे चार डाग. टीव्ही चालू केला. आधी पडदाभर तिरके पट्टे पळाले. त्याने मागचं बटण केसभर फिरवलं आणि चित्र थरथरत उभं राहिलं. सासूबाई मान तिरपी करून, डोळ्यांच्या कडेने बघत होत्या. त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावर मुठीएवढं अक्षर उमटलं.

"दिसलं," त्या म्हणाल्या. मग बोटं अशी सुटली की जावई बघतच राहिला. 'सविनय अर्ज करण्यात येतो की' इथपर्यंत येऊन त्या थांबल्या, वाचलं आणि डोळे पुसले.

त्यांना आता तीन आठवडे थांबा म्हणून सांगायचं कुणी?

त्याने टेस्टर लावून पाहिला. टीव्हीचा दोन पिनांचा प्लग एका बाजूने बसवला की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर टेस्टर पेटत नव्हता. प्लग उलटा केला की लालभडक पेटत होता. म्हणजे प्लग सुलटा राहिला की प्रश्न नाही. बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन त्याने प्लगवर लाल ठिपका दिला. ठिपका वर असला की झालं. बायकोला हे सांगितलं असतं तर तिने त्याच मिनिटाला सगळं बंद करायला लावलं असतं. म्हणून त्याने सांगितलं नाही. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला समजावलं.

दहा दिवस सुरळीत गेले. सासूबाईंचं वेळापत्रक लागलं. दहाला बसायचं, अकराला पाणी गरम करून टेबलाखालच्या टबात पाय सोडायचे, कारण टाचा ठणकायच्या, आणि पाय शेकत पुढे टाइप करायचं.

अकराव्या दिवशी तो एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर काम करत होता. जोडीदार खाली खड्ड्यात उतरला होता. ग्रीसचा डबा संपला म्हणून जावई उतरून तळमजल्यावर आला. जरा वेळ होता, म्हणून पहारेकऱ्याच्या टेबलावरून बायकोच्या शाळेत फोन लावला. संध्याकाळी कोण काय आणणार, एवढंच विचारायचं होतं. घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती.

"आज लवकर या जरा," बायको म्हणाली. "आईचा टेबललॅम्प हलतोय, तो बघा. आणि टीव्हीच्या मागे किती धूळ हो! सकाळी सगळं ओढून झाडलं मी."

"प्लग काढला होतास?"

"काढल्याशिवाय झाडणार कशी? लावला परत."

"ठिपका वर होता की खाली?"

"कसला ठिपका?"

"लाल. तुझ्या नेलपॉलिशचा."

"अहो, मला काय माहीत! तुम्ही माझी नेलपॉलिश..."

त्याने फोन ठेवला. प्लग दोनच बाजूंनी बसतो, म्हणजे सुलटा बसला असण्याची शक्यता निम्मी. निम्मी म्हणजे बरीच झाली, असं एक मन म्हणालं. लगेच दुसरं मन म्हणालं, टबात पाय.

त्याने घरचा नंबर फिरवला. एक घंटा गेली, दुसरी गेली. तिसऱ्या घंटेला त्याच्या डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. फोन पॅसेजमध्ये. त्या उठताना नेहमी टेबलावर हात टेकतात. टेबलावर काय आहे? कॉम्प्युटर. अंदाजाने हात पुढे जाणार, पाय पाण्यात, आणि बोटं पत्र्यावर. त्याने रिसीव्हर असा आपटला की पहारेकरी दचकला.

पळायचं होतं. पण जोडीदार अजून खड्ड्यात होता आणि लिफ्ट नुसती थांबवलेली होती. असं सोडून गेलं आणि कुणी वरून बटण दाबलं तर? बारा वर्षांत त्याने एकदाही कुलूप लावल्याशिवाय लिफ्ट सोडली नव्हती. तो धावत खड्ड्याच्या तोंडाशी गेला.

"दादा, वर या. आत्ताच्या आत्ता."

"का रे? दोनच बोल्ट राहिलेत."

"वर या म्हणतो ना!"

जोडीदार वयाने मोठा आणि गुडघ्यांनी अधू. एकेका पायरीवर पाय ठेवत तो वर आला. ते एक मिनिट जावयाला तासासारखं गेलं. त्याने मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली जोडीदाराच्या हातात कोंबली, 'काम चालू आहे'ची पाटी अडकवली आणि "घरी जातो" एवढंच म्हणून रस्त्यावर आला.

घर चालत वीस मिनिटांवर होतं. बसची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तो पळत सुटला. कमरेचे पाने-पक्कड एकमेकांवर आपटत होते. चौकात एका हातगाडीला धडकला, शिव्या खाल्ल्या, थांबला नाही. आता पाणी तापलं असेल. आता त्या पातेलं फडक्यात धरून आणत असतील. छातीत धाप मावेना, तोंडात तांब्याची चव आली. पुलाच्या चढावर पायांनी ऐकायचं सोडलं, तेव्हा तो कठडा धरून चार पावलं चालला आणि तेवढ्यासाठीही त्याने स्वतःला शिवी दिली.

इमारतीच्या दारात आला आणि जिन्याकडे वळला, तोच भानावर आला. वर पोचून करणार काय? हाक मारली, बेल वाजवली, तरी त्या उठणार, हात टेकणार. आधी वीज.

मीटर जिन्याखाली होते. बारा फ्यूज एका ओळीत. रंगाऱ्याने मागल्या वर्षी भिंतीबरोबर त्यांचे आकडेही रंगवून टाकले होते. आपला कुठला हे शोधत बसायला वेळ नव्हता. त्याने मुख्य खटका दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

सगळी इमारत गप्प झाली. शिंप्याचं मशीन थांबलं, कुठलासा रेडिओ अर्ध्या वाक्यात तुटला. "कोणी पाडलं रे?" शिंपी दुकानातून ओरडला.

"मी! हात लावू नका कुणी!" एवढं ओरडून तो जिने चढू लागला. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन-दोन पायऱ्या, मग एकेक. चावी फिरवून त्याने बाहेरचं दार ढकललं.

आतलं दार उघडंच होतं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मान खाली. पडदा काळा. टेबलापाशी टब, टबातून वाफ निघत होती. चष्मा जमिनीवर पडला होता.

"आई!"

मान हलली नाही. तो भिंतीला धरून पुढे सरकला, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "ओरडू नका. मोजतेय."

त्यांच्या डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं होती. पाय टबाबाहेर, रबरी सपातांत, कोरडे. तो फरशीवर बसला तो बसलाच.

"तुम्ही या वेळी कसे?" त्या म्हणाल्या. "वीजही गेलीय वाटतं. बरं झालं आलात. दार लावून घ्या आणि इथे बसा. मला काहीतरी झालंय."

"काय झालं?"

"कॅसेटची वायर सैल वाटली म्हणून मागे हात घातला. तर दंडापासून छातीपर्यंत असा झटका आला की हात फेकलाच गेला. चष्मा उडाला. तेव्हापासून धडधड थांबेना. पाणी आणून ठेवलं होतं, पण पाय उचलायचीच भीती वाटली." त्यांनी आवाज खाली आणला. "हृदय आहे हो. माझी आई अशीच गेली होती. पहिला झटका बारीक येतो."

त्याने खिशातला टेस्टर चाचपला. वीज नव्हती, टेस्टरने काही सांगितलं नसतं. पण सांगायची गरजच नव्हती. तो टीव्हीमागे वाकला. ठिपका खाली होता.

त्याने प्लग उपटला.

"मुलीला सांगू नका," सासूबाई मागून म्हणाल्या. "उगाच दवाखान्याच्या फेऱ्या चालू करील. मलाही आता तपासण्या नकोत. माझ्या पेटीत तळाशी निळं पाकीट आहे, त्यात पेन्शनचे कागद आहेत. ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. तिला रडायच्या वेळी शोधाशोध नको."

प्लग त्याच्या हातात होता. तो सुलटा बसवायचा, खाली जाऊन खटका वर करायचा. बस्स. सासूबाई कुणाला सांगणार नाहीत, बायकोला कळणार नाही, आणि नऊ-दहा दिवसांत ट्रान्सफॉर्मर येणारच आहे. सगळं आपोआप मिटत होतं. तो प्लगकडे बघत उभा राहिला. मागे त्या पुन्हा नाडी मोजू लागल्या होत्या, पुटपुटत, कोर्टातले आकडे वाचावे तशा. त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता. आपण मरायला टेकलो आहोत, अशी त्यांची खात्री होती आणि त्या रडतसुद्धा नव्हत्या, निरवानिरव करत होत्या.

"आई," तो म्हणाला, "तुमचं हृदय चांगलं आहे. ती वीज होती."

"कसली?"

"कॉम्प्युटरच्या पत्र्यात वीज उतरली होती. माझ्यामुळे."

मग त्याने सांगितलं. काका काय म्हणाले ते, ट्रान्सफॉर्मरचं, ठिपक्याचं. अडखळत, पण काही न गाळता. टबात पाय असते तर काय झालं असतं, तेही त्याने सांगितलं. त्या मान तिरपी करून ऐकत होत्या, साक्ष ऐकावी तशा.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"आणि रोज सकाळी मला इथे बसवून कामाला जात होता."

"हो."

खालून शिंप्याची हाक आली, खटका वर करू का म्हणून. "करा," तो जिन्याकडे तोंड करून ओरडला.

"तिला तुम्ही सांगायचं," सासूबाई अखेर म्हणाल्या. "आज संध्याकाळी. माझ्यासमोर. आणि आता मला पलंगापर्यंत न्या, माझे पाय चालत नाहीयेत."

त्याने हात धरला. तो थंडगार होता.

दुपारी त्याने डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी छाती तपासली, बोटावरचा बारीक भाजल्याचा डाग पाहिला आणि "थोडक्यात वाचलात," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने आकांडतांडव केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली, टीव्हीची वायर हातभर मापून धरली आणि कचकन कापून प्लग त्याच्यापुढे ठेवला.

"फोनवर मी गप्पा मारत होते," ती म्हणाली. "धूळ, नेलपॉलिश. आणि तेव्हा माझी आई..." त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

तो काकांच्या दुकानात जाऊन बसू लागला. कामावरून सुटला की तिथे. काकांनी पहिल्या दिवशी त्याला असं झापलं की दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. मग त्याच्याकडूनच तार गुंडाळून घेतली. एकेक वेढा मोजून, थरामागून थर, मध्ये कागद. पाचव्या दिवशी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर तयार झाला. काकांनी तो स्वतः तपासला, दोनदा, आणि मगच पिशवीत घालू दिला.

घरी येऊन त्याने टीव्हीला नवी वायर लावली, ट्रान्सफॉर्मर लाकडी खोक्यात बसवला आणि हॉलमधून हाक मारली. बायको दारात येऊन उभी राहिली. सासूबाई पलंगावरून उठून आल्या, पण टेबलापासून चार हात लांब थांबल्या.

"झालं?"

"झालं. आता प्लग कसाही बसवा."

"असं तुम्ही म्हणता," सासूबाई म्हणाल्या. "चप्पल काढा. पत्र्यावर हात ठेवा, आणि उचलायचा नाही. प्लग ती लावील."

त्याने अनवाणी पाय फरशीवर टेकले आणि तळहात पत्र्यावर सपाट ठेवला. सगळं बरोबर आहे हे त्याला माहीत होतं. स्वतः मोजलेले वेढे, स्वतः दिलेले डाग. तरी बायको टीव्हीमागे वाकली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम फुटला. ती मुद्दामच वेळ लावत होती की काय कोण जाणे. बटण वाजलं. पडदा हळूहळू उजळला. हाताला काही लागलं नाही, पत्रा नुसता गार होता.

बायकोने प्लग काढला, उलटा केला आणि परत लावला. बटण पुन्हा वाजलं. तो डोळे मिटून उभा होता.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या, जरा थांबल्या आणि त्याच्या हाताशेजारी पत्र्यावर आपलं एक बोट टेकवलं. ते लगेच उचललं. मग पूर्ण हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. तो मागेच उभा राहिला. उगाचच, पुन्हा काही होईल म्हणून.

"डोक्यावर उभे राहू नका," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "टायपिस्टच्या मागे माणूस उभा राहिला की चुका होतात. शिंप्याला मात्र वर पाठवा. त्याचा एक अर्ज माझ्याकडे राहिलाय."

तो जिन्यात आला. बायकोही त्याच्या मागोमाग बाहेर आली, कठड्याला टेकून उभी राहिली. बोलली नाही, पण आतही गेली नाही. आतून कळांचा आवाज येऊ लागला, आधी सावकाश, मग न थांबता. तो शिंप्याला बोलवायला खाली निघाला.